बंद म्हणजे किती बंद? रिमोट, स्टँडबाय आणि वऱ्हाडातली ‘लाईन’

१/
पातूर. अकोल्याहून वाशिमकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, खडकात कोरलेल्या लेण्यांचे आणि शेख बाबूंच्या दर्ग्याचे गाव. इथल्या कोणत्याही घरात आज सहज घडू शकेल असा हा प्रसंग. बाजेवर पडलेले आजोबा रिमोट दाबतात. टीव्ही सुरू होतो, पण त्याला जोडलेला साउंडबार मुकाच राहतो. नातू उठून साउंडबारचे बटन दाबतो आणि आवाज येतो. यंत्रात कोणताही बिघाड नसतो. या मौनामागे जवळपास नव्वद वर्षांचा इतिहास आहे. #थ्रेड

२/
आरंभ ‘बंद’ या शब्दापासून करावा लागतो. १९४८ मध्ये आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले, त्या काळचा घरगुती रेडिओ व्हॉल्व्हचा असे. आवाजाचे बटन उजवीकडे फिरवले की ‘खट्’ असा आवाज होई, दिवा लागे आणि व्हॉल्व्ह तापेपर्यंत श्रोत्यांना थोडा वेळ वाट पाहावी लागे. तेच बटन उलटे फिरवले की वीजपुरवठा तुटे. त्या संचात बंद म्हणजे पूर्ण बंद. चालू आणि बंद यांच्या मधली तिसरी अवस्थाच नव्हती.

३/
ती अवस्था आणली रिमोटने. दूरनियंत्रणाची कल्पना तशी जुनी. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्येच न्यूयॉर्कमध्ये रेडिओलहरींनी चालणारी छोटी नौका लोकांना दाखवली होती. घरात मात्र तिचा ठळक प्रवेश झाला तो रेडिओ संचासाठी. अमेरिकेतील फिल्को कंपनीने १९३९ च्या आपल्या संचांबरोबर ‘मिस्टरी कंट्रोल’ नावाची बॅटरीवर चालणारी पेटी दिली. टेलिफोनसारखी तबकडी फिरवायची आणि दूर ठेवलेल्या रेडिओचे स्टेशन बदलायचे. मध्ये तार नव्हती.

४/
पुढचा टप्पा झेनिथ कंपनीचा. १९५० चा तिचा रिमोट तारेचा होता. १९५५ मध्ये यूजीन पॉली यांनी प्रकाशाच्या झोतावर चालणारा ‘फ्लॅश-मॅटिक’ तयार केला. पण खिडकीतून येणारे ऊनही त्या टीव्हीचे चॅनेल बदलू लागले. १९५६ मध्ये रॉबर्ट ॲडलर यांनी कानाला न ऐकू येणारा ध्वनी वापरला. बटन दाबले की आतली छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटे आणि टीव्ही तो नाद ओळखे.

५/
ॲडलर यांच्या रिमोटला बॅटरी लागत नव्हती. तो नाद ऐकण्यासाठी टीव्हीत मात्र सहा जादा व्हॉल्व्ह बसवावे लागले आणि संचाची किंमत सुमारे तीस टक्क्यांनी वाढली. पुढच्या साऱ्या कथेचे सूत्र इथेच सापडते. दुरून हाक मारणाऱ्याचे कष्ट वाचतात, त्याचा खर्च ऐकणाऱ्या यंत्रावर पडतो. शिवाय रिमोटने बंद केलेले यंत्र रिमोटनेच सुरू व्हायचे असेल, तर त्याचा एक कान कायम जागा राहिला पाहिजे. या जागेपणाला आज आपण ‘स्टँडबाय’ म्हणतो.

६/
१९८० च्या दशकात अवरक्त किरणांचे रिमोट सर्वत्र रुळले. ऊन आणि दिवे यांच्यातही अवरक्त किरण असतात. म्हणून रिमोट आपला प्रकाश सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकवतो आणि संचातला छोटा डोळा तेवढीच लय टिपतो. फ्लॅश-मॅटिकला छळणारा उन्हाचा प्रश्न असा सुटला. या डोळ्याला लागणारी वीज अगदी किरकोळ असते, काही मिलिवॉट.

७/
मग जुने स्टिरिओ संच ‘बंद’ असतानाही दहा-दहा वॉट का खात? कारण त्या इवल्या डोळ्याला वीज पुरवण्यासाठी अनेक संचांत मोठा ट्रान्सफॉर्मर चोवीस तास जोडलेला राही आणि नुसताच तापत बसे. दारावरची थाप ऐकू यावी म्हणून रात्रभर सगळ्या घराचे दिवे लावून ठेवण्यासारखाच हा प्रकार. दहा वॉट वर्षभर म्हणजे ८७.६ युनिट, तेही एकही गाणे न ऐकता.

८/
एका घरात ही गळती दिसत नाही, कोट्यवधी घरांत दिसते. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेचे संशोधक ॲलन मायर यांनी ती मोजून जगापुढे मांडली. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने ‘एक वॉट’चे उद्दिष्ट पुढे केले: झोपलेल्या कोणत्याही उपकरणाने एका वॉटहून अधिक वीज खाऊ नये. जुलै २००१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी सरकारी खरेदीत अशाच उपकरणांची निवड करण्याचा आदेश काढला.

९/
कायद्याचा खरा दट्ट्या आला युरोपातून. युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमाने जानेवारी २०१० पासून स्टँडबायला एक वॉटची मर्यादा घातली (माहितीचा पडदा असेल तर दोन वॉट). जानेवारी २०१३ पासून ती अर्ध्यावर आली. काम संपल्यावर उपकरणाने आपोआप झोपावे, अशी अटही त्याच वेळी लागू झाली. नेटवर्कला जोडलेल्या उपकरणांसाठी २०१५ पासून वेगळ्या मर्यादा आल्या आणि काम नसेल तर वीस मिनिटांच्या आत झोपण्याचा दंडक आला.

१०/
या काळात वऱ्हाडाची चिंता अगदी उलटी होती. मे २००१ मध्ये दाभोळची वीजखरेदी थांबली. २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन झाले. त्यानंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने रोजच्या भारनियमनात काढली. वऱ्हाडात विजेला ‘लाईन’ म्हणतात. अंधारात बसलेल्या घराला टीव्हीवरचा तांबडा ठिपका पेटलेला दिसला की कोणीतरी ओरडे, “लाईन आली!” युरोपात ज्या ठिपक्याला वीजचोर ठरवले जात होते, तोच इथे शुभवार्ता घेऊन येई.

११/
तरीही हिशेब दोन्हीकडे एकच होता. पातूरच्या वायव्येला, बाळापूरजवळ पारसचे औष्णिक वीजकेंद्र आहे. तिथले २५० मेगावॉटचे दोन नवे संच २००८ आणि २०१० मध्ये सुरू झाले. दहा वॉट खात झोपलेली अडीच कोटी उपकरणे एकत्र केली, तर त्यांतला एक अख्खा संच केवळ त्यांच्या झोपेसाठी लागेल. तीच भूक अर्ध्या वॉटवर आणली की साडेबारा मेगावॉटवर भागते. वाचलेली प्रत्येक मेगावॉट कोणाच्या तरी अंधाराचे तास कमी करू शकते. स्टँडबायच्या नियमाला त्यामुळे क्षुल्लक म्हणता येत नाही.

१२/
येथे एक सांस्कृतिक फरक ध्यानात घ्यावा लागतो. युरोपच्या मुख्य भूमीवर भिंतीतल्या सॉकेटला बहुधा बटन नसते. पिन उपसल्याशिवाय उपकरण पूर्ण बंद होत नाही. आपल्याकडे बोर्डावर प्रत्येक सॉकेटशेजारी बटन असते. ‘झोपताना बोर्डावरून बंद कर’ हे घरातल्या वडीलधाऱ्यांचे वाक्य त्या बटनामुळेच शक्य झाले. व्हॉल्व्हच्या रेडिओतला ‘खट्’ संचातून निघाला आणि भिंतीवर जाऊन टिकला. अर्ध्या वॉटच्या नियमापेक्षाही ही सवय अधिक वीज वाचवते.

१३/
मात्र कंपन्या एकच आराखडा आणि एकच सॉफ्टवेअर अनेक देशांत विकतात. त्यामुळे ब्रुसेल्समध्ये ठरलेली झोप पातूरच्या दिवाणखान्यातही येते. साउंडबार किंवा ॲम्प्लिफायर आता एकदम झोपत नाही, थरांथरांनी झोपतो. आधी ध्वनीचा भाग निजतो, मग एचडीएमआय, शेवटी वाय-फाय आणि ब्लूटूथ. सर्वांत गाढ झोपेत बहुधा तो अवरक्त डोळा तेवढा जागा उरतो, कारण त्याचीच भूक सर्वांत कमी.

१४/
रिमोटशी होणारे भांडण या थरांतून उपजते.
• संचाचा स्वतःचा रिमोट चालतो, पण मोबाइलमधले ॲप त्याला उठवू शकत नाही, कारण नेटवर्कचा कान मिटलेला असतो.
• टीव्हीचा रिमोट टीव्हीला उठवतो. टीव्ही एचडीएमआयच्या तारेतून साउंडबारला हाक देतो. विजेची बचत कडक असेल तर ती हाक ऐकायला तिथे कोणीच जागे नसते. आजोबांचा प्रसंग हाच.
• रात्री हळू आवाजात भजन लावले, तर काही संच त्या मंद ध्वनीला शांतता समजतात आणि मध्येच झोपी जातात.

१५/
लाईन जाऊन परत येते तेव्हा गुंता वाढतो. बरेच संच आधी वाजत असले तरी पुन्हा वाजू लागत नाहीत. स्टँडबायमध्ये येऊन थांबतात. काही संच मात्र आधीच्या अवस्थेत परततात. बोर्डावरून बंद केलेल्या संचाला तर कोणताही रिमोट उठवू शकत नाही. विजेची शंभर टक्के बचत आणि दुरून नियंत्रण या दोन गोष्टी एकाच क्षणी मिळत नाहीत. हे भौतिकशास्त्राचे बंधन आहे. कोणत्याही कंपनीला ते टाळता येत नाही.

१६/
म्हणून उपाय निवडीचा आहे. अनेक संचांच्या सेटिंगमध्ये ‘नेटवर्क स्टँडबाय’, ‘एचडीएमआय कंट्रोल’, ‘ऑटो पॉवर’ किंवा ‘इको’ अशा नावांचे पर्याय असतात. पहिले दोन चालू ठेवले की संच दुरून उठतो आणि थोडी अधिक वीज घेतो. एखादा जादा वॉट वर्षभर लागला, तर ते ८.७६ युनिट होतात. ज्याला सहज उठता येते त्याने ती वाचवावी, हे योग्यच. ज्याचे गुडघे चालत नाहीत त्याच्यासाठी ती वीज चैन ठरत नाही.

१७/
रिमोटच्या इतिहासात त्याला पुष्कळदा आळसाचे साधन म्हटले गेले. झेनिथच्या १९५० च्या रिमोटचे नावच ‘लेझी बोन्स’, म्हणजे आळशी हाडे. पण बाजेवरच्या माणसाला त्याच वस्तूने कोणाची मनधरणी न करता आपल्या आवडीचे ऐकण्याची मोकळीक दिली. वीजबचतीचा नियम करताना यंत्राची झोप मोजली गेली. माणसाचे उठणे मोजणारा मीटर अजून कोणी बसवलेला नाही.

१८/
सारांश: १९४८ चा रेडिओ बंद असताना पूर्ण बंद असे. १९८० नंतरचा स्टिरिओ बंद असतानाही दहा वॉट खाई. आजचा साउंडबार अर्ध्या वॉटवर झोपतो आणि कधीकधी हाकेला ओ देत नाही. पातूरच्या त्या घरात नातवाने सेटिंगमधला एक पर्याय बदलला, तर उद्या आजोबांना त्याला हाक मारावी लागणार नाही. मग महिन्यातून पाऊण युनिट वीज जास्त लागेल. तेवढी खर्च करावी की नाही, हे त्या घराने ठरवावे.

#इतिहास #वऱ्हाड #तंत्रज्ञानाचा_इतिहास