सेल्फ फिरतो, पण गाडी चालू होत नाही

जुन्या मोटारगाडीशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हा प्रसंग नवा नाही. किल्ली फिरवली की सेल्फचा घुर्र घुर्र आवाज येतो, इंजिन फिरताना ऐकू येते, पण गाडी काही चालू होत नाही. मिस्त्रीला बोलावणे जाते. तो येऊन बॉनेट उघडतो, किल्ली फिरवतो आणि गाडी पहिल्याच झटक्यात चालू होते. मिस्त्री हसतो, मालक ओशाळतो, आणि दोन दिवसांनी भर चौकात तीच गाडी पुन्हा बंद पडते.

कायमचा बिघाड शोधणे त्या मानाने सोपे असते. कधी असणारा, कधी नसणारा बिघाड मात्र तपासायला जावे तेव्हा हजर नसतो. त्याचा माग काढणे हा वैज्ञानिक पद्धतीचा एक चांगला धडा आहे. हा धडा समजून घेण्यासाठी आपल्याला इंजिनाच्या इतिहासात थोडे मागे जावे लागेल. कारण असे बिघाड ज्या भागांत लपतात, त्यांतील बहुतेक भाग कोणती ना कोणती जुनी अडचण सोडवण्यासाठीच जन्माला आले आहेत.

एक टाचणी आणि एक पट्टा

पेट्रोलचे इंजिन चालू होण्यासाठी तीन गोष्टी लागतात: पेट्रोल आणि हवा यांचे योग्य मिश्रण, त्या मिश्रणावर पुरेसा दाब, आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. सेल्फ इंजिनाला नेहमीच्या वेगाने फिरवत असेल तर बॅटरी अगदीच उतरलेली नाही, एवढे कळते. इंजिन एरवी ताकदीने चालत असेल तर दाबही बहुधा ठीक असतो. उरतात दोन संशयित: पेट्रोल आणि ठिणगी.

मोटारगाडीच्या पहिल्या लांबच्या प्रवासातही हेच दोन संशयित भेटले होते. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ यांनी आपले पती कार्ल बेंझ यांना न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, जर्मनीतील मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत सुमारे शंभर किलोमीटर गाडी नेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, तेव्हा त्यांनी टोपीच्या लांब टाचणीने ती मोकळी केली. ठिणगीची तार घासून उघडी पडली, तेव्हा मोज्याला बांधायच्या पट्ट्याचे वेष्टण त्यांनी तिला दिले, असे सांगितले जाते. एक दोष इंधनाचा आणि एक ठिणगीचा. त्यानंतरच्या शंभर वर्षांत रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या माणसांनीही प्रामुख्याने हेच दोन दोष शोधले.

ठिणगीचा शोध

इंजिनाच्या पोटात, बरोबर वेळेवर, ठिणगी पाडायची कशी? मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले होते की चुंबकीय क्षेत्र बदलले की जवळच्या तारेत विद्युतदाब निर्माण होतो. या तत्त्वावर चालणाऱ्या प्रवर्तन कॉइली एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रयोगशाळांत रुळल्या. १८६० मध्ये एतिएन लेन्वार यांनी आपल्या वायुइंजिनात अशाच कॉइलची ठिणगी वापरली. पण ही व्यवस्था भरवशाची नव्हती. म्हणून निकोलाउस ऑटो यांच्या १८७६ च्या चार टप्प्यांच्या इंजिनात सुरुवातीला ज्योतीने मिश्रण पेटवले जाई, तर गॉटलीब डाइमलर यांनी बर्नरने तापवून लाल केलेल्या नळीचा मार्ग पत्करला.

ठिणगी भरवशाची झाली ती मॅग्नेटोमुळे. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. इंजिन फिरले की त्याच्याबरोबर मॅग्नेटो फिरे आणि स्वतःच वीज निर्माण करून प्लगला पुरवी. बॅटरीची गरज नव्हती. मात्र इंजिन सावकाश फिरत असताना मॅग्नेटोची ठिणगीही मंद असे. सुरुवातीला इंजिन फिरवायचे ते हँडल मारून, म्हणजे सावकाशच. शिवाय ठिणगी अवेळी पडली तर हँडल उलटे फिरे आणि मनगट मोडे.

या दोन्ही अडचणींवर अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी तोडगा काढला. त्यांची बॅटरीवर चालणारी ठिणगीव्यवस्था कॅडिलॅक गाडीच्या १९१० च्या नमुन्यात आली आणि विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या नमुन्यात. हँडल मारायला दुसरा माणूस नको, गाडी स्वतःच चालू होईल, म्हणून तो 'सेल्फ-स्टार्टर'. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये त्यातला 'सेल्फ' तेवढा उरला.

बारा व्होल्टचे वीस हजार

केटरिंग यांची व्यवस्था किरकोळ सुधारणांसह साठ वर्षांहून अधिक काळ जगभर चालली. कॉइलमध्ये तारेचे दोन वेढे असतात, एक थोड्या फेऱ्यांचा आणि दुसरा त्याच्या साधारण शंभरपट फेऱ्यांचा. पहिल्यातून बॅटरीचा प्रवाह वाहतो. इंजिनाबरोबर फिरणारा उंचवटा 'पॉइंट' नावाची छोटी चावी उघडतो, प्रवाह एकदम थांबतो, चुंबकीय क्षेत्र कोसळते, आणि दुसऱ्या वेढ्यात वीस हजार व्होल्टच्या घरातला दाब निर्माण होतो. पॉइंट उघडताना त्यांच्यातच ठिणगी पडू नये म्हणून शेजारी कंडेन्सर असतो. डिस्ट्रिब्युटरमधला रोटर हा उच्च दाब आळीपाळीने एकेका प्लगला वाटतो.

आता थोडे गणित करू. चार सिलिंडरांच्या इंजिनाला एका फेऱ्यात दोन ठिणग्या लागतात. मिनिटाला तीन हजार फेरे असतील तर ठिणग्या सहा हजार, म्हणजे सेकंदाला शंभर. तासभराच्या प्रवासात पॉइंट साडेतीन लाखांहून अधिक वेळा उघडतात आणि मिटतात. त्यांची फट असते सुमारे ०.४ मिलिमीटर. ती घासून बदलते, पॉइंटवर काजळी धरते, कंडेन्सर अशक्त होतो, आणि ठिणगी कधी पडते, कधी पडत नाही.

या व्यवस्थेत आणखी एक पेच आहे. सेल्फ आणि ठिणगी दोघेही एकाच बॅटरीवर जगतात. सेल्फ शंभराहून अधिक अँपिअर ओढतो, त्यामुळे बारा व्होल्टची बॅटरी त्या क्षणी नऊ-दहा व्होल्टवर येते. ठिणगीची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच कॉइलला दाब कमी मिळतो. यावर उपाय म्हणून पुढे अनेक गाड्यांत कमी व्होल्टची कॉइल बसवून तिच्या वाटेत एक रोध घालण्यात आला. सेल्फ फिरत असताना हा रोध टाळून वीज थेट कॉइलला मिळते आणि किल्ली सोडली की रोधातून.

ही रचना ज्याला ठाऊक आहे त्याला लक्षणावरून दोष ओळखता येतो. किल्ली सोडता सोडता इंजिन पेट घेत असेल तर थेट वाटेवर संशय घ्यावा. सेल्फ फिरत असेपर्यंत चालून किल्ली सोडताच बंद पडत असेल तर रोध तुटलेला असण्याची शक्यता मोठी. धक्का मारणे हाही एक प्रयोगच आहे. सेल्फने न चालू होणारी गाडी धक्क्याने लगेच चालू झाली, तर सेल्फ सगळी वीज खातो आणि ठिणगीला उरत नाही, असा अंदाज बांधता येतो.

ओले फडके आणि दहा मिनिटे

मुंबईकरांना या व्यवस्थेची ओळख झाली ती मुख्यतः प्रीमियर पद्मिनीमुळे. इटलीच्या फियाट ११०० वर बेतलेली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी अनेक दशके काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावली. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपणावर दमटपणा धरला की वीस हजार व्होल्टला प्लगपेक्षा जवळची वाट सापडे. टोपण कोरड्या फडक्याने पुसले की गाडी चालू होई. उन्हाळ्यात गर्दीत अडकलेली गाडी तापली की पेट्रोलच्या पंपात किंवा नळीत वाफ धरे आणि कार्बोरेटरला पेट्रोल पोचत नसे. त्यावरचा सर्वमान्य उपाय म्हणजे पंपावर ओले फडके टाकायचे आणि दहा मिनिटे थांबायचे.

इथे आपण जरा थांबू. गाडी चालू झाली, म्हणजे दोष पंपाचाच होता का? त्या दहा मिनिटांत पंप थंड झाला हे खरे, पण बॉनेटखालची कॉइलही थंड झाली. जुन्या कॉइलमधले वेष्टण तापल्यावर दगा देते आणि निवल्यावर पुन्हा काम करू लागते. म्हणजे फडक्यामुळे गाडी चालू झाली की नुसत्या दहा मिनिटांमुळे, हे आपल्याला कळलेलेच नाही. तरीही पंप बदलला जातो. पुढे पाऊस सुरू होतो, हवा थंड होते, गाडी चार महिने विनातक्रार चालते आणि सर्वांची खात्री पटते की दोष पंपातच होता. पुढच्या एप्रिलमध्ये गाडी पुन्हा चौकात उभी राहते.

चूक कुठे झाली? एका वेळी दोन गोष्टी बदलल्या, आणि दोष दिसेनासा होणे म्हणजे दोष दूर होणे असे मानले. यातून बाहेर पडण्याची वाट एकच आहे: बिघाड हजर असतानाच त्याला प्रश्न विचारायचे. गाडी चालू होत नसताना, थांबण्यापूर्वी, दोनच गोष्टी पाहायच्या. प्लगला ठिणगी येते का? कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल येते का? पेट्रोल आहे पण ठिणगी नाही, तर पंपावर फडके टाकणे व्यर्थ. ठिणगी आहे पण पेट्रोल नाही, तर कॉइल निर्दोष. दोन्ही असतील तर प्लग काढून पाहावेत. ते पेट्रोलने ओले असतील तर पेट्रोल कमी नव्हे, जास्त झाले आहे. कोरडे असतील तर ठिणगीची वेळ आणि दाब तपासावा. (ही तपासणी जाणत्या मिस्त्रीनेच करावी. उघडे पेट्रोल आणि ठिणगी एकत्र येणे धोक्याचे असते.)

न्यायालयात गेलेला बिघाड

१९७० च्या दशकात पॉइंट जाऊन त्यांच्या जागी ट्रान्झिस्टर येऊ लागले. घासणारा भाग गेला, पण लहरी बिघाड गेला नाही. अमेरिकेतील फोर्ड कंपनीच्या १९८० च्या दशकातील अनेक गाड्यांत ठिणगीचे नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक भाग थेट डिस्ट्रिब्युटरवर, म्हणजे इंजिनाच्या उष्णतेत बसवला होता. तो तापला की गाडी चालता चालता बंद पडण्याच्या तक्रारी आल्या. निवल्यावर तोच भाग पुन्हा काम करू लागे. सरकारी सुरक्षा यंत्रणेने अनेकदा चौकशी केली. अखेर ऑक्टोबर २००० मध्ये कॅलिफोर्नियातील एका न्यायाधीशांनी कंपनीने माहिती दडवल्याचा ठपका ठेवून सुमारे सतरा लाख गाड्या परत बोलावण्याचा आदेश दिला. कंपनीने आरोप नाकारले, आणि २००१ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले.

हा खटला आपल्याला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी, की वर्दळीच्या रस्त्यावर एकाएकी बंद पडणारी गाडी ही नुसती गैरसोय नसते, तो जिवावरचा प्रसंग असतो. ज्याच्यावर हा प्रसंग आला त्याने गाडी गॅरेजमध्ये नेली की तिथे ती सुरळीत चाले. थंड टेबलावर तपासलेला भाग निर्दोष ठरे आणि खोटा ठरे तो चालक. 'आता तर दिसत नाही' हा दोष नसल्याचा पुरावा नव्हे. ज्या परिस्थितीत तक्रार होती त्याच परिस्थितीत तपासणी झाली का, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

१९९० च्या दशकाच्या मध्यावर, १९९६ पासून, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारगाड्यांत दोषनोंदीची प्रमाणित व्यवस्था सक्तीची झाली. गाडीतला संगणक दोष आढळताच त्या क्षणीचे इंजिनाचे तापमान, वेग आणि भार टिपून ठेवतो. म्हणजे जे काम एखादा सावध चालक वहीत करत आला होता, तेच आता यंत्र करते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सीने मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला, पण तशी वही ठेवण्याची गरज संपलेली नाही.

ही गोष्ट वर्गात गाडीशिवायही शिकवता येईल. एका बॅटरीत शिक्षकांनी सेलची पट्टी किंचित सैल करून ठेवावी, म्हणजे दिवा कधी लागेल, कधी नाही. विद्यार्थ्यांना ती लगेच उघडू देऊ नये. आधी वही द्यावी. दिवा कधी लागला, बॅटरी उभी होती की आडवी, हलवली होती का, हे पंचवीस वेळा नोंदवायला सांगावे. नंतर प्रत्येकाने आपला अंदाज लिहावा, आणि तो चुकीचा असेल तर कोणता प्रयोग ते दाखवून देईल, हेही लिहावे. बॅटरी उघडायची ती त्यानंतर.