वत्सगुल्म वाकाटक: राजसत्ता आणि धर्म

वत्सगुल्म (सध्याचे वाशीम) ही वाकाटक घराण्याच्या एका शाखेची राजधानी होती. पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन हा या शाखेचा संस्थापक होय. प्रवरसेनाने चार अश्वमेध आणि वाजपेयादी याग केल्याचे वाकाटक लेखांत नमूद आहे. राजपदाला यज्ञातून मान्यता मिळविण्याची ही रीत होती.

सर्वसेनाचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती याचा वाशीम ताम्रपट त्याच्या राज्यवर्ष ३७ मधील आहे. त्यात राजा स्वतःस ‘धर्ममहाराज’ म्हणवितो. वंशावळ संस्कृतात, तर दानाचा व्यवहार प्राकृतात आहे. राजाची प्रतिष्ठा एका भाषेत आणि गावकऱ्यांनी पाळावयाचा हुकूम दुसऱ्या भाषेत, अशी ही विभागणी दिसते. नांदीकट (नांदेड) भागातील एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दिले असून सैनिकांनी तेथे प्रवेश करू नये, मीठ, फुले, दूध इत्यादी सरकारी मागण्या त्या गावावर लादू नयेत, असे स्पष्ट केले आहे. दानाचे पुण्य आणि महसुलाची सूट एकाच पत्र्यावर कोरली गेली.

देवसेनाच्या काळात स्वामिल्लदेव या अधिकाऱ्याने ‘सुदर्शन’ तलाव बांधला. त्याचा शके ३८० चा शिलालेख वाशीमजवळील हिस्से-बोराळा येथे सापडला.

देवसेनाचा पुत्र हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे भिक्षुसंघास अर्पण केले. दान मंत्र्याचे असले तरी तेथील लेखाचा बराच भाग वाकाटक राजांच्या वंशावळीने व्यापला आहे.