कावसजीचें नाक : एका जाहिरातीच्या निमित्तानें

गेल्या वैशाखांत आमचे एक माजी विद्यार्थी मसुऱ्यास आमच्या घरीं आले. गोव्यांतील एका खासगी रुग्णालयांत परदेशस्थ रोग्यांची सोय लावण्याचें काम त्यांच्याकडे आहे. चेहऱ्याची व नाकाची ठेवण सुधारून घेण्यास आखातांतून, आफ्रिकेंतून व विलायतेंतून जे लोक इकडे येतात, त्यांच्यासाठीं त्या संस्थेनें एक सचित्र पुस्तिका छापावयास घेतली होती. पहिल्याच पानावर सुश्रुताचें नांव, त्याखालीं १७९४ सालचें एक प्रसिद्ध चित्र, आणि मजकूर असा कीं, सुश्रुतानें सांगितलेली कपाळाच्या कातडीची शस्त्रक्रिया पुण्याच्या वैद्यांनीं कावसजी नांवाच्या पारशी शिपायावर केली व तेथून ती जगभर गेली. “गुरुजी, संस्कृत तेवढें तपासून द्या,” एवढीच त्यांची विनंति होती. आम्ही तपासूं लागलों, तों एका वाक्यांत चार चुका निघाल्या. त्यांपैकीं संस्कृताची एकच. बाकीच्या तीन इतिहासाच्या. विषय मंडळाच्या वाचकांच्या आवडीचा असल्यामुळें तें टांचण येथें विस्तारानें देत आहों.

मूळ वृत्तान्त लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत आहे. ‘बी. एल.’ एवढीच सही असलेलें पत्र व सोबत एक खोदीव चित्र, असें त्याचें स्वरूप. त्यांत म्हटलें आहे तें असें : कावसजी हा मराठा, जातीनें शेतकरी. १७९२ च्या युद्धांत इंग्रजी फौजेबरोबर तो बैल हांकीत होता. टिपूच्या हातीं सांपडला, तेव्हां टिपूनें त्याचें नाक व एक हात तोडविला. तशाच स्थितींत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेस येऊन मिळाला व पुढें कंपनी सरकारचें निवृत्तिवेतन खाऊं लागला. वर्षाहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. नंतर पुण्याजवळच्या एका वीट करणाऱ्या जातीच्या माणसानें त्यास नवें नाक बसवून दिलें. तेव्हां तो शिपाई नव्हे आणि नाक जोडणारा वैद्यही नव्हे. पुस्तिकेच्या दोन चुका येथेंच मिटल्या.

चित्र जानेवारी १७९४ मध्यें, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनीं काढलें, असें पत्रांतच आहे. यावरून शस्त्रक्रिया मार्च १७९३ च्या सुमारास, शके १७१४ च्या अखेरीस किंवा १७१५ च्या आरंभीं झाली असें ठरतें. चित्रकार जेम्स वेल्स. सवाई माधवराव, नाना फडणीस व महादजी शिंदे यांचीं चित्रें काढणारा तो हाच. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट त्या वेळीं पुण्यास होता. त्याच पुढल्या महिन्यांत, १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं, महादजी वानवडीस वारले. ज्या पुण्याचे कागद आम्ही सारे जन्मभर चाळीत आलों, त्याच पुण्यांतली ही गोष्ट. परंतु तिचा पुरावा मात्र लंडनच्या मासिकांत शोधावा लागतो, याचें आम्हांस वैषम्य वाटतें.

आतां नांवाचा प्रश्न. कावसजी हें नांव वाचतांच तो पारशी, असें पुस्तिकाकारानें ठरविलें. परंतु पत्रांत ‘मराठा’ असें स्पष्ट आहे आणि मराठा शेतकऱ्याचें नांव कावसजी असणें संभवत नाहीं. आमची समजूत अशी कीं मूळ नांव ‘कावजी’ असावें. शिवकालीन कावजी कोंढाळकर वाचकांस ठाऊक आहे. हें नांव मराठ्यांत रूढ होतें. मुंबईच्या इंग्रजांच्या कानावर पारशी कावसजी रोज पडत असल्यामुळें लिहिणाऱ्यानें अनोळखी नांवाच्या जागीं ओळखीचें घातलें असेल. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. तरी पारशी ठरविण्यापेक्षां तो बरा.

शस्त्रक्रियेची रीति मुंबई इलाख्याच्या क्रूसो व फिंडले या दोन डॉक्टरांनीं समक्ष पाहून सांगितली, तीच पत्रांत दिली आहे. तुटलेल्या नाकाच्या बुडख्यावर मेणाचा पातळ पत्रा बसवून त्याचें नीट नाक घडवावयाचें. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवावयाचा, भोंवतीं रेघ ओढावयाची व तेवढी कातडी सोडवावयाची. मात्र दोन भुवयांच्या मध्यें एक अरुंद पट्टी न कापतां राखावयाची. नवा सांधा धरेपर्यंत रक्ताचा पुरवठा तिच्यांतूनच होतो. बुडख्यावरचा जुना व्रण तासून, तेथें चीर पाडून, कपाळाची कातडी खालीं आणून अर्धा पीळ देऊन त्या चिरेंत बसवितात. सांध्यावर पाण्यांत भिजविलेला कात लावलेल्या पांचसहा चिंध्या एकावर एक. चार दिवस दुसरें कांहीं नाहीं. नंतर तुपांत भिजविलेलीं फडकीं. पांचसहा दिवस रोग्यानें उताणें निजावें. दहाव्या दिवशीं नाकपुड्यांत मऊ कापडाचे तुकडे, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी कापून टाकावयाची. आमच्या कोंकणच्या डोंगरांतल्या खैराचा कात पानाच्या तबकांतून उठून लंडनच्या डॉक्टरांपुढें गेला तो असा. मेण घडविण्याचें काम मातीला आकार देणाऱ्या हातांस जड गेलें नसेल.

संस्कृताची चूक ती कपाळाची. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील सोळाव्या अध्यायांत, कर्णवेधाच्या प्रकरणांतच, नासासंधानाचा विधि आहे. तेथें झाडाचें पान नाकाएवढें मोजून घ्यावें व त्या मापानें गालाच्या बाजूची कातडी घ्यावी असें आहे. कपाळाचें नांव नाहीं. नाकांत दोन नळ्या घालाव्या. वर पतंग, ज्येष्ठमध व अंजन यांचें चूर्ण. मग पांढरा कापूस व तिळाचें तेल. काताचा उल्लेख नाहीं. कातडी गालाशीं जोडलेलीच ठेवावी हा महत्त्वाचा अर्थ तर छापील संहितेंतील ‘बद्ध’ या एका शब्दावर पुष्कळसा टेकलेला आहे. असल्या एका शब्दासाठीं जुन्या पोथ्या पाहाव्या लागतात. काठमांडूच्या कैसर ग्रंथालयांत इ. स. ८७८ ची सुश्रुताची ताडपत्री पोथी आहे. नेपाळच्या पोथ्यांवरून याच अध्यायाची चिकित्सक आवृत्ति २०२३ सालीं निघाली. ज्यांचा संग्रह वैद्यकाचा आहे त्यांनीं आपल्या पोथींतील पाठ तिच्याशीं अवश्य ताडून पाहावा.

तात्पर्य, गाल व कपाळ, कापूस व कात, पान व मेण, इतका भेद असतां पुण्याच्या त्या कारागिराची विद्या संहितेंतून उतरली असें म्हणतां येत नाहीं. त्यानें सुश्रुताचें नांव तरी ऐकलें होतें कीं नाहीं, कोण सांगणार? हातांतून हातांत आलेली एक विद्या आणि पाठांतून पाठांत आलेली दुसरी, अशा दोन धारा मानणें आम्हांस अधिक सयुक्तिक वाटतें. आम्ही जन्मभर संस्कृत शिकविलें, तरी हें कबूल करण्यांत सुश्रुताचा कमीपणा आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

पुढचा प्रवास थोडक्यांत. लंडनच्या जोसेफ कार्प्यू यानें ही रीति अभ्यासून १८१४ च्या ऑक्टोबरांत चेल्सी येथें एका लष्करी अधिकाऱ्याचें नाक तशाच प्रकारें बांधलें व १८१६ त त्यावर ग्रंथ लिहिला. १८१८ त बर्लिनच्या ग्रेफेचें पुस्तक आलें. कपाळाच्या कातडीच्या या रीतीस शल्यज्ञ आजहि ‘भारतीय पद्धति’ म्हणतात. त्या काळीं परदेशस्थ येत ते पाहावयास. आपलें नाक घेऊन कोणी पुण्यास आल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. आतां ओघ फिरला आहे. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्यधोरणानें परदेशी रोग्यांवरील उपचार हे निर्यातीसारखे मानावे असें म्हटलें, आणि तेव्हांपासून जाहिरातींस बहर आला. मधल्या काळांत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. नोशिर अंटिया यांनीं कुष्ठरोगानें बसलेलीं नाकें उभीं केलीं; त्या रोग्यांसाठीं कोणी पुस्तिका छापली नव्हती.

गणेशचतुर्थीस छापील प्रत टपालानें आली. कपाळ गेलें, पारशी गेला, शिपाई गेला. याबद्दल आमच्या विद्यार्थ्याचे आभार. परंतु ‘वीट करणारा’ हे शब्द वगळून तेथें ‘पुण्याचे एक कुशल शल्यविशारद’ असें घातलेलें आढळलें. वरिष्ठांस तो उल्लेख परदेशी रोग्यांपुढें शोभेसा वाटला नाहीं, असें त्यांनीं संकोचानें लिहिलें आहे. ज्याचें नांव लंडनच्या पत्रकारानें विचारलें नाहीं, त्याची जातहि आतां आम्हीच पुसली.

ज्यांच्याकडे पुणें प्रांतींचीं खासगी दप्तरें आहेत त्यांस आमची विनंति आहे. शके १७१० ते १७३० या काळांतील जमाखर्चांत, इनामपत्रांत किंवा कुंभारांच्या बलुत्याच्या कागदांत नाक बसविण्याबद्दल कोणास कांहीं दिल्याची एखादी ओळ आढळल्यास तिची नक्कल, कागदाच्या मित्तीसह, मंडळाकडे पाठवावी.