वडगाव, पण कुठलं?
पुण्यात रिक्षावाल्याला नुसतं ‘वडगाव’ सांगून भागत नाही. शेरी, बुद्रुक की खुर्द, हे तो विचारणारच. शिवाय १७७९ साली जिथे इंग्रजांनी मराठ्यांपुढे हात टेकून तह केला, ते मावळातलं वडगाव निराळंच!

युरोपातही दोन गॅलिशिया आहेत. स्पेनमधल्याचं नाव तिथल्या प्राचीन जमातीवरून, पोलंड-युक्रेनमधल्याचं हालिच या गावावरून. एकमेकांशी सुतराम संबंध नाही. आपल्याकडे मात्र बुद्रुक-खुर्द ही भावंडंच. फारसीत ‘बुजुर्ग’ म्हणजे थोर, ‘खुर्द’ म्हणजे लहान. दप्तरातल्या ‘बुजुर्ग’चा आपण ठसठशीत ‘बुद्रुक’ केला. उद्या खुर्दात कितीही टोलेजंग इमारती उठोत, सातबाऱ्यावर ते धाकटंच राहणार.