डाव्या हाताचा अंगठा : एक कुळकथा

भंडाऱ्याहून नागपूरकडे निघालं की महामार्गावर शहापूर लागतं. जवळच जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी, आणि रस्ता सोडला की धानाच्या बांध्या. या टापूत अंगठ्याला वर्षभर काम असतं. रेशनच्या दुकानात तो लागतो, बँकमित्राच्या यंत्रावर लागतो, मोबाइलचं सिम घेताना लागतो. नोव्हेंबर उजाडला की पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यायचा असतो, तिथेही बहुतेकदा तोच. रोवणीच्या दिवसांत मात्र पंचाईत होते. दिवसभर चिखलात परे रोवलेल्या हाताच्या रेषा यंत्राला सापडत नाहीत. तेंदूपानावर विड्या वळून गुळगुळीत झालेल्या बोटांचंही तेच. "थम नाही येऊन राह्यला जी," असं कुणी म्हटलं की रांगेतलं दुसरं कुणी तरी सांगतं, हात धुऊन या, पुसून या, दुसरं बोट लावा. बाई हात पुसते आणि पुन्हा यंत्रापुढे उभी राहते. आपण आपणच आहोत, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तिची.

ती जबाबदारी तिच्यावर कधी आली, याची गोष्ट बरीच जुनी आहे. बहुतेकांना वाटतं की अंगठा ही निरक्षराची सोय. लिहिता येत नाही म्हणून बोट उठवायचं. या समजुतीत तथ्य आहे, पण मूळ तिथे नाही.

निरक्षरांची सोय आपल्याकडे अंगठ्याच्या पुष्कळ आधी झालेली होती. जुने मराठी महजर (गोतसभेची निवाडपत्रं) आणि करारपत्रं पाहिली तर पाटलाच्या नावापुढे छोटासा नांगर काढलेला दिसतो, 'निशाणी नांगर'. शिपाईगड्याची कट्यार, बाईची बांगडी, बलुतेदाराचं आपापलं हत्यार. मजकूर लिहायचा कुळकर्ण्याने, आणि ज्याचं नाव त्याची निशाणी. नांगर पाहून हा नेमका कोणता पाटील ते कळत नसे. ते कळायला भोवती साक्षीदार बसलेले असत, गोत बसलेलं असे. ती निशाणी माणूस काय करतो, एवढंच सांगे. (त्यातून जातही सांगितली जाई, म्हणून त्या काळाचे गोडवे गायचं कारण नाही.) खरं-खोटं ठरवायचं काम कागदाचं नव्हतं, गावाचं होतं.

१८५३ साली नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले. वारस नाही म्हणून डलहौसीने राज्य खालसा केलं आणि त्यासोबत भंडारा कंपनीकडे गेला. त्यानंतर पाचच वर्षांनी, इथून फार दूर बंगालमध्ये जंगीपूरला, आजच्या अंगठ्याचा जन्म झाला.

विल्यम हर्षेल हा तिथला पंचविशीतला इंग्रज अधिकारी. घराणं मोठं. आजोबांनी युरेनस ग्रह शोधलेला, वडील जॉन हर्षेल यांनी फोटो कागदावर पक्का करायचं रसायन दाखवून दिलेलं. जुलै १८५८ मध्ये या हर्षेलला रस्त्यासाठी 'घुटिंग' म्हणजे कंकर हवे होते, दोन हजार मण. राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराशी सौदा ठरला. करार कोनाईने स्वतःच्या हाताने, बंगालीत, रिवाजाप्रमाणे लिहिला. सही करायला तो वाकला, तेवढ्यात हर्षेलने त्याला थांबवलं. मोहरेसाठी ठेवलेली तेलकट शाई त्याच्या तळव्याला फासली आणि अख्खा पंजा कराराच्या मागच्या बाजूला उठवला. पुढे हा माणूस 'ही सही माझी नव्हेच' असं म्हणू नये, त्याला धाक बसावा, एवढाच आपला हेतू होता, असं हर्षेलने १९१६ साली आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे.

या प्रसंगाकडे नीट पाहायला हवं. कोनाई निरक्षर नव्हता. करार त्याच्याच अक्षरात होता. म्हणजे बोटांच्या ठशाचा पहिला सरकारी उपयोग लिहिता न येणाऱ्यासाठी झालाच नाही. तो झाला लिहिता येणाऱ्यावर, त्याच्या लिहिण्यावर भरवसा नाही म्हणून. आणि हमी एकाच बाजूने मागितली गेली. माल पोचल्यावर पैसे वेळेत देईन, याची हमी म्हणून हर्षेलने स्वतःचा पंजा उठवून कोनाईच्या हाती दिला, असं काही झालेलं नाही. माझ्या मते पुढच्या पावणेदोनशे वर्षांची सगळी गोष्ट या कागदाच्या पाठीवर आहे.

हर्षेल माणूस चिकाटीचा. मित्रांचे, पाहुण्यांचे, स्वतःचे ठसे तो वर्षानुवर्षं घेत राहिला आणि रेषा वयाबरोबर बदलत नाहीत हे त्याच्या ध्यानात आलं. १८७७ मध्ये हुगळीला बदली झाल्यावर त्याने तीन ठिकाणी बोटं उठवून घ्यायला सुरुवात केली : दस्तनोंदणी, तुरुंग आणि पेन्शन. पेन्शनर मेला तरी त्याच्या नावाने दुसराच कुणी पैसे उचलतो, हा संशय. आजचं 'जीवन प्रमाण', म्हणजे यंत्रावरचा हयातीचा दाखला, १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झालं, त्याचं बी हे हुगळीतलं. फॅक्टरीतून निवृत्त झालेला माणूस दर नोव्हेंबरात यंत्रापुढे बसतो, तेव्हा तो हर्षेलच्याच शंकेला उत्तर देत असतो.

पण नुसता ठसा घेऊन भागत नाही. हजारो ठशांतून हवा तो शोधायचा कसा? हे कोडं कलकत्त्यात सुटलं. श्रेय नावावर लागलं पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या, गणित मात्र बसवलं काझी अझिझुल हक या तरुण फौजदाराने. दहा बोटांची विभागणी करून त्याने १०२४ खणांची मांडणी केली. हेमचंद्र बोस या दुसऱ्या अधिकाऱ्याने ठसा तारेने कळवण्याची सांकेतिक पद्धत तयार केली. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचं कार्यालय उघडलं. १९०१ मध्ये लंडनच्या स्कॉटलंड यार्डाने ही पद्धत उचलली, तीही 'हेन्री पद्धत' या नावाने. इथे अंगठा दस्तातून उठून पोलिसांच्या फायलीत गेला. तिथून तो अजून बाहेर आलेला नाही. १९२० चा कैद्यांच्या ओळखीचा कायदा जाऊन २०२२ चा आला, आणि त्यात मोजमापांची नोंद ७५ वर्षं ठेवण्याची तरतूद झाली.

हेन्री मध्यंतरी दक्षिण आफ्रिकेत जाऊन तिथली पोलीस व्यवस्था लावून आले होते. तिथल्याच ट्रान्सवालमध्ये १९०६ साली वटहुकूम निघाला : प्रत्येक आशियाई माणसाने, आठ वर्षांवरच्या मुलांसकट, नाव नोंदवावं आणि बोटांचे ठसे द्यावेत. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात हिंदी लोकांची सभा भरली आणि हा कायदा पाळायचा नाही अशी शपथ घेतली गेली. पुढे ज्याला सत्याग्रह हे नाव मिळालं, त्याची सुरुवात अशी बोटांच्या ठशांवरून झाली. गांधींचं म्हणणं सरसकट नकाराचं नव्हतं. १९०८ मध्ये तडजोड झाल्यावर ते स्वखुशीने ठसे द्यायला निघाले आणि चिडलेल्या स्वकीयांनी त्यांना रस्त्यात बेदम मारलं. सरकारने शब्द पाळला नाही, तेव्हा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नोंदणीच्या परवान्यांची होळी झाली. स्वखुशीने दिलेला ठसा आणि जबरीने घेतलेला ठसा यांतला फरक त्यांना इतका मोठा वाटत होता.

आपल्याकडे अंगठा रुजला तो कचेरीत आणि सावकाराच्या वहीत. 'नि. डा. हा. अं.', निशाणी डाव्या हाताचा अंगठा. उजवा हात कामाने घासतो म्हणून डावा, असं सांगतात. बायकांचा मात्र उजवा घ्यायची चाल पडली. त्यांचाही उजवा घासतोच, पण ते कुणी विचारात घेतलेलं दिसत नाही.

मग रोजगार हमी आली. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव भागात करून पाहिलेली योजना १९७२च्या दुष्काळात राज्यभर पसरली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, हा हक्क देणारं महाराष्ट्र पहिलं. तिथे हजेरीपट म्हणजे मस्टर, आणि पगाराच्या दिवशी मस्टरवर अंगठा. बोगस मस्टरच्या तक्रारीही तेव्हापासूनच्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. पण नसलेल्या मजुरांची नावं मस्टरवर चढवायची तर पेन हाती लागतं, आणि पेन अंगठा उठवणाऱ्याच्या हातात नव्हतं.

मध्ये एक गमतीदार वळण आहे. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन निघालं आणि सरकारनेच अंगठ्याची लाज वाटायला शिकवलं. म्हाताऱ्या माणसांच्या हाती पाटी-पेन्सिल दिली, सही गिरवून घेतली. त्या मोहिमेचं कागदी रूप रमेश इंगळे उत्रादकर यांनी 'निशाणी डावा अंगठा' या कादंबरीत रंगवलं आहे. आणि ज्या पिढीने कष्टाने सही गिरवली, तिच्यापुढे वीसेक वर्षांत यंत्र आलं : सही नको, अंगठा द्या. या वेळी मास्तरालाही तोच, तलाठ्यालाही तोच. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. २०१४ पासून केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत बाबूंची हजेरीही बोटावर आली.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, नऊ न्यायमूर्तींनी एकमताने. पुढच्या वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ ला, चार विरुद्ध एक अशा बहुमताने सरकारी लाभांसाठी आधार सक्तीचं ठेवायला मान्यताही दिली. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा या वाटेवर आणखी पुढे जातो. अनुदान आणि लाभ देण्यासाठी सरकारला, आणि नोकरीच्या कारणांसाठी मालकाला, माणसाची माहिती वेगळी संमती न घेता वापरता यावी, अशी तरतूद त्यात आहे. म्हणजे पोटासाठी जिथे जिथे उभं राहावं लागतं, नेमकं तिथेच 'नाही' म्हणायची सोय नाही.

भंडारा जिल्हा केंद्राच्या रोजगार हमीत पहिल्या टप्प्यातच, २००६ मध्ये आला. मामा (माजी मालगुजारी) तलावातला गाळ, बोडी, पांदण रस्ता ही इथली कामं. मे २०२१ मध्ये कामावरच्या हजेरीचं मोबाइल अ‍ॅप आलं आणि १ जानेवारी २०२३ पासून ते जवळपास सगळीकडे सक्तीचं झालं. दिवसातून दोनदा, जागेची नोंद असलेला, मजुरांचा फोटो. सकाळी काम उरकलं तरी दुसऱ्या फोटोसाठी थांबायचं, आणि रेंज नसेल तर हजेरीच धोक्यात. पुढे चेहराच आधारशी ताडून पाहायला सुरुवात झाली. बापाने फोटो पक्का केला, मुलाने पंजा उठवला. हर्षेल घराण्याच्या दोन्ही विद्या अशा तलावाच्या पाळीवर एकत्र आल्या. इतकं करून चोरी थांबली का? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना कळवलं की फोटोचाच फोटो काढून, भलतीच चित्रं चढवून हजेऱ्या लावल्या जात आहेत.

उलट बाजूचा हिशेबही सांगतो. मजुरी पंधरा दिवसांत मिळाली नाही तर उशिराची भरपाई दिवसाला ०.०५ टक्के. २०२५-२६ चा महाराष्ट्राचा दर ३१२ रुपये होता, म्हणजे एका दिवसाच्या मजुरीवर जेमतेम साडेपंधरा पैसे. मजुराचा फोटो चुकला तर ३१२ रुपये जातात, सरकारची तारीख चुकली तर साडेपंधरा पैसे. कोनाईच्या करारात तरी वेगळं काय होतं?

ज्या योजनेला २००९ मध्ये गांधींचं नाव दिलं, ती बोटं आणि चेहरे मागू लागली, हे एक. त्या योजनेच्या जागी 'जी राम जी' म्हणून ओळखला जाणारा नवा कायदा संसदेने केला आणि २१ डिसेंबर २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, हे दुसरं. त्यात कामाचे दिवस शंभराचे सव्वाशे झाले, गांधींचं नाव गेलं, आणि बायोमेट्रिक ओळख कायद्याच्या मजकुरातच आली.

राहिला रेशनचा प्रश्न. थम उमटला नाही, नेट नव्हतं, आधार जोडलेलं नव्हतं, अशा कारणाने हक्काचं धान्य नाकारायचं नाही, असं केंद्राच्या अन्न विभागाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्व राज्यांना लेखी कळवलेलं आहे. अशा वेळी दुसऱ्या ओळखपत्रावर धान्य द्यायचं आणि नोंद वेगळ्या वहीत करायची. शहापूरला असो की आणखी कुठे, तुमच्या पुढची बाई हात पुसून थकली असेल, तर दुकानदाराला ती वही काढायला सांगा. नाहीच काढली, तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या, आणि अर्जाची पोच सही-शिक्क्यासह मागून घ्या.