पेटीवाल्या पुलंचे बालरंगमंच

साहित्याच्या इतिहासात पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) विनोदकार म्हणून नोंदले गेले आणि त्या एका शब्दाखाली त्यांची दोन कामे झाकली गेली. एक संगीतकाराचे, दुसरे बालनाट्यकाराचे. अभ्यासक्रमात 'व्यक्ती आणि वल्ली' असते. 'वयं मोठं खोटम्' आणि 'नवे गोकुळ' ही बालनाट्ये क्वचितच असतात. वास्तविक ही दोन कामे एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चा प्रयोग झाला आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. पुलंचे बालपण त्या युगाच्या उत्तरार्धात गेले. ते पेटी शिकले, नाट्यपदे त्यांच्या बोटांत बसली. पण १९३२ मध्ये मराठी बोलपट आला आणि नाटक कंपन्या एकेक करून बसू लागल्या. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून पुलं कलाक्षेत्रात उतरले, तेव्हा रंगभूमीचे संगीत अंगात मुरलेल्या या माणसासमोर जुनी संगीत रंगभूमीच उरली नव्हती.

मग हे संगीत गेले कुठे? पहिली वाट चित्रपटाची. १९५३ च्या 'गुळाचा गणपती'त कथेपासून संगीत, दिग्दर्शन आणि नायकाच्या भूमिकेपर्यंत सारे त्यांचेच होते. त्याच वर्षी 'देवबाप्पा'साठी गदिमांच्या 'नाच रे मोरा'ला त्यांनी चाल दिली आणि ती आशा भोसले यांनी गायिली. दुसरी वाट आकाशवाणीची. मंगेश पाडगांवकरांची 'बिल्हण' ही संगीतिका त्यांनी स्वरबद्ध केली, जितेंद्र अभिषेकी त्यात गायिले. डोळ्यांना न दिसणारा हा रंगमंच होता. तिथे सारे नाट्य शब्द आणि स्वर यांनाच उभे करावे लागे. तिसरी वाट मुलांच्या रंगमंचाची.

या तिन्ही ठिकाणी एकच दृष्टी दिसते. जुन्या नाट्यपदात गायकाच्या तानेखाली शब्द पुष्कळदा दबून जाई. पुलंच्या चालीत शब्द आधी कळतो आणि स्वर त्याच्या मागून चालतो. मुलांसाठी हे अपरिहार्यच असते, कारण न कळलेला शब्द मूल आदराने ऐकून घेत नाही, ते सरळ उठून जाते. म्हणून बालगीताची चाल म्हणजे मोठ्यांच्या चालीची सोपी आवृत्ती नव्हे. त्यात संगीतकाराची परीक्षा अधिक कडक असते.

१९२८ साली बर्लिनमध्ये ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी 'थ्रीपेनी ऑपेरा' रंगभूमीवर आणला. पुलंनी त्याचे मराठी रूप 'तीन पैशाचा तमाशा' लिहिले आणि १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीने ते जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली सादर केले. संगीत इतरांनी दिले. पण शब्द गाता येतील असे लिहिण्याची जाण संगीतकाराची होती.

१२ जून २००० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची चाल आजही बालवाडीत गायिली जाते आणि बहुधा संगीतकाराचे नाव न घेता. लोकगीतासारखे अनामिक होणे हा चालीचा गौरव खराच. अभ्यासकाने मात्र ते नाव नोंदवले पाहिजे. नाहीतर मुलांसाठी केलेले काम दुय्यम, ही आपली जुनी समजूतच इतिहास म्हणून पुढे जाईल.