गडमुडशिंगी आणि ‘घरफाळा’ : करविषयक प्रचारभाषेचा विचार

निवडणुकीच्या प्रचारात कराविषयी जे बोलले जाते, त्यातील गैरसमजाचे मूळ पुष्कळदा आकड्यांत नसून शब्दांत असते. कोल्हापूर शहर आणि करवीर तालुक्यातील गडमुडशिंगी यांचा अलीकडचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

‘जकात’ हा मूळचा अरबी शब्द धर्मदानाचा वाचक. मराठीत तो नाक्यावर मालावर आकारल्या जाणाऱ्या कराचा वाचक झाला. जकात व्यापारी भरी. तथापि तिचा बोजा किमतीत शिरे. म्हणून शहरात खरेदी करणारा मुडशिंगीकर, महापालिकेचा मतदार नसतानाही, तिचा अंश देतच असे. १ एप्रिल २०११ पासून कोल्हापुरात जकातीची जागा स्थानिक संस्था कराने घेतली. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत हा कर ‘रद्द’ करण्याचे आश्वासन राज्यभर दिले गेले. कर रद्द म्हणजे बोजाही नाहीसा, असा अर्थ श्रोता सहज घेतो. प्रत्यक्षात १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटी रुपयांहून कमी उलाढालीचे व्यापारी मुक्त झाले आणि महापालिकांची तूट राज्याच्या तिजोरीतून भरून देण्यात येऊ लागली. ती तिजोरी खेड्यांच्याही पैशाने भरते. बोजा नाहीसा झाला नाही. त्याने वाट बदलली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर उरलेला स्थानिक संस्था करही त्यात विलीन झाला.

दुसरा शब्द ‘घरफाळा’. कोल्हापूरकडे शहरात आणि खेड्यात घरावरील करास हेच नाव आहे. परंतु एकाचा आधार १९४९ चा महानगरपालिका अधिनियम, तर दुसऱ्याचा १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम. १९७२ मध्ये महापालिका झाल्यावर चार दशकांहून अधिक काळ शहराची हद्द वाढली नाही. हद्दवाढीचा प्रस्ताव निघाला की आसपासच्या गावांतून विरोध होई, आणि वाढत्या घरफाळ्याची भीती हे त्याचे एक मुख्य कारण असे. गाव शहरात गेले की दुसऱ्या दिवशीच शहरी दर लागू होतो, ही समजूत मात्र चुकीची आहे. कायद्यानुसार पहिल्या वर्षी पूर्वीचाच दर राहतो व पुढे तो टप्प्याटप्प्याने शहरी दरापर्यंत जातो. ग्रामस्थांची भीती दिशेविषयी खरी होती. चूक होती ती वेगाविषयी. हद्दवाढ होताच सर्व सुविधा दारी येतील, हा समर्थकांचा समजही तितकाच घाईचा होय.

शिवाय हद्दीची अधिसूचना राज्य शासन काढते व कराचे दर महापालिकेची सभा ठरविते. एकटा उमेदवार दोन्हीही करू शकत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये बेचाळीस गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापून शासनाने मध्यम मार्ग काढला. परंतु घरफाळ्याचा प्रश्न त्याने पुढे ढकलला, सोडविला नाही.

‘रद्द’ म्हटले म्हणजे बोजा कोणाकडे गेला, आणि ‘घरफाळा’ म्हटले म्हणजे तो कोणत्या कायद्याचा, हे दोन प्रश्न मतदाराने विचारले, तर प्रचारसभेतील पुष्कळ वाक्यांचा अर्थ आपोआप उलगडेल.